अण्णांच्या मोडेमचा नंबर



बडोद्याच्या आठवणी लिहायच्या म्हटलं की आपण सयाजीराव महाराज, सुरसागर, वाड्यातला गणपती आणि सेव-उसळ एवढ्यावर येऊन थांबतो. मी आज मोडेमबद्दल लिहिणार आहे. हसू नका, मोडेमलाही आता वीस वर्षं झाली, त्याच्याही आठवणी झाल्या.

दांडिया बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठला, तर "भाई, मोडेममां कंई करीने स्पीड वधारी आपो ने." मराठी गिऱ्हाईक हाच प्रश्न जरा आवाज खाली करून विचारतं. "काही सेटिंग असतं म्हणे?" असतं. पण ते मी कुणाला करून देत नाही, आणि का देत नाही हे दर वेळी काउंटरवर सांगत बसायला वेळ नसतो. म्हणून एकदा सविस्तर.

आधी त्या काळचा केबल मोडेम कसा चालायचा ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टीव्हीची जी जाड काळी केबल घरात येते तिलाच हा डबा जोडायचा. चालू केला की तो आधी लाइनवर आपला चॅनल शोधतो. मग कंपनीला स्वतःचा नंबर सांगतो, ज्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. हा बारा अक्षरांचा नंबर डब्याच्या बुडाशी स्टिकरवर छापलेला असतो. कंपनीचा कॉम्प्युटर तो नंबर बघून ठरवतो की हे गिऱ्हाईक कोण, आणि त्याच्यासाठी एक लहानशी फाइल खाली पाठवतो. स्पीड किती द्यायचा ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं. म्हणजे तुमच्या वेगाचा लगाम तुमच्याच घरातल्या डब्यात असायचा, फक्त हातात कंपनीच्या. डब्यातलं फर्मवेअर बदललं की दोन गोष्टी करता यायच्या. एक, कंपनीच्या फाइलीऐवजी दुसरीच फाइल घालायची. दुसरी, डब्याला भलत्याच कुणाचा तरी नंबर बोलायला लावायचं.

ही दुसरी गोष्ट आमच्या वाड्यात घडली. साल २००८.

वाड्यात तळमजल्यावर अण्णा राहायचे. कलाभवनच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. लाइट मीटरचं रीडिंग, दुधाचे लिटर, गॅसचा सिलिंडर कधी लावला, सगळं डायरीत लिहायचे. मुलगी न्यू जर्सीला. तिच्याशी स्काइपवर बोलता यावं म्हणून इंटरनेट घेतलं, महिन्याला एक जीबीचा प्लॅन. त्यावर गेलं की प्रत्येक एमबीला नव्वद पैसे. दर रविवारी सकाळी आठला फोन, तिकडे शनिवारची रात्र साडेदहा. काकू त्या दिवशी सात वाजताच अंघोळ करून, चांगली साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसायच्या. अण्णा रोज रात्री नऊच्या बातम्या झाल्या की मोडेमचं बटण बंद करायचे, पिनसुद्धा काढून ठेवायचे. विजा, व्होल्टेज, आग, सगळ्याची भीती. आणि तेही डायरीत: "९.३५, मोडेम बंद."

जुलैपासून रविवारचा फोन तुटायला लागला. मुलीचा चेहरा दिसतो, मग दिवे लुकलुकतात, मग काहीच नाही. अण्णांना वाटलं तिच्याकडेच काहीतरी गडबड आहे. काकूंना वाटलं ती घाईत असते, म्हणून कापते. या एका गोष्टीचा मला पुढे फार राग आला. पैशांचा नाही तेवढा.

ऑगस्टमध्ये बिल आलं, साडेसहा हजारांचं.

अण्णा बिल आणि डायरी दोन्ही घेऊन दुकानात आले. कंपनीच्या ऑफिसात ते आधीच जाऊन आले होते. तिथे काउंटरवरच्या पोराने सांगितलं, "अंकल, घरात कोणीतरी पिक्चर डाउनलोड करतंय, घरच्यांना विचारा." घरात सत्तरीची दोन माणसं. मी कंपनीच्या साइटवरून वापराचा तक्ता काढला. रात्री पावणेबारा ते पहाटे साडेपाच, असा पंधरा-सोळा रात्रींचा वापर. मला आधी व्हायरस वाटला. मग अण्णांनी डायरी पुढे सरकवली. प्रत्येक तारखेला नऊ-पस्तीस, नऊ-चाळीस, मोडेम बंद. पिन काढलेल्या डब्यातून व्हायरसही डाउनलोड करू शकत नाही. म्हणजे त्याच नंबरचा दुसरा डबा कुठेतरी रात्री जागा होता.

शोधायची युक्ती साधी होती. एका लाइनवर एकाच नंबरचे दोन मोडेम आले की दोघांचीही ओढाताण होते. एक आत आला की दुसरा बाहेर फेकला जातो. म्हणूनच तर रविवारी सकाळी, रात्रभर जागून तो दुसरा डबा अजून चालू असला, की अण्णांचा फोन तुटायचा. तर त्या रात्री साडेबाराला अण्णांचा मोडेम आम्ही मुद्दाम चालू केला आणि अंधारात ओट्यावर जाऊन बसलो. दहा मिनिटं झाली असतील. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, टॉर्चचा उजेड जिन्यात आला, आणि केबलचा जिथे जोड आहे तिथे उभा राहून एक मुलगा तो जोड हलवून बघायला लागला.

त्याला बंटी म्हणू या. नाव वेगळं आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दोन विषय राहिलेले, म्हणून वडिलांनी घरचं इंटरनेट बंद केलं होतं. मोडेम माळ्यावर टाकला होता, टीव्हीची केबल घरात होतीच. हाच बंटी गणपतीचं लाइटिंग करायचा, हाच अण्णांचा मोडेम बसवून द्यायला आला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांकडे बैठक बसली. बंटीची आई रडत होती, वडील मान खाली घालून. आमच्या चार पिढ्या त्या एका आवारात राहिलेल्या. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी बंटीला तो डबा आणायला लावला, झाकण उघडायला लावलं, आणि जाड भिंग घेऊन बघत बसले. कुठे वायर जोडलीस, फर्मवेअर कसं चढवलंस, कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टमधून कसं काय जमलं. अर्धा तास. मला वाटलं म्हातारा मुद्दा विसरला. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "हा डबा तू उघडलास, चांगलं केलंस. मी पण तुझ्या वयात रेडिओ उघडले. पण नंबर माझा का घातलास?"

बंटी म्हणाला, "आजोबा, तुमचा पाठ होता. आणि तुम्ही रात्री बंद करता ते माहीत होतं."

यावर खोलीत कुणीच काही बोललं नाही.

आता तो महिना आठवा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना एक ई-मेल गेली होती आणि तिचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर निघाला. तिथे एक अमेरिकन माणूस राहत होता. त्याचा मेलशी संबंध नव्हता, त्याच्या वायफायला कुलूप नव्हतं आणि बाहेरच्या कुणीतरी ते वापरलं होतं. तरी चौकशी त्याच्यापासूनच सुरू झाली. बडोद्यात आम्ही सगळे ते रोज पेपरात वाचत होतो. अण्णांनी तो पेपर पुढे केला. "त्या सोळा रात्रींत तुझ्या डब्यातून काय काय गेलं ते तुला तरी माहीत आहे? पोलीस आले असते तर वरच्या मजल्यावर आले नसते. इथे, ह्या ओट्यावर आले असते."

आणि ते खरं होतं. कंपनीच्या नोंदीत तो नंबर म्हणजे अण्णाच. बंटीने इंटरनेटवरून उतरवलेलं ते फर्मवेअर कुणी लिहिलं, त्यात आणखी काय घातलं, हे बंटीलाही ठाऊक नव्हतं. फुकट मिळालेल्या फर्मवेअरमध्ये मागचं दार उघडं ठेवलेलं असलं, तर ते बघणार कोण?

कायदाही सांगून ठेवतो, कारण "यात काय एवढं" म्हणणारे अजून भेटतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याच्या कलम ४३ मध्ये नेमकं हेच एक पोटकलम आहे: कॉम्प्युटर यंत्रणेत फेरफार करून आपण घेतलेल्या सेवेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं. हे लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेत रायन हॅरिस नावाच्या माणसाने असे बदललेले मोडेम आणि त्यांचं सॉफ्टवेअर विकायचा धंदाच केला, २००६ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. २०१२ मध्ये बॉस्टनच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली.

पुढे काय करायचं यावर माझं आणि अण्णांचं जमलं नाही. मी म्हटलं, कंपनीला लेखी कळवायचं तर नावासकट कळवा. उद्या काही निघालं तर तुमच्या हातात पुरावा हवा. अण्णांनी पत्र लिहिलं, सुंदर अक्षरात, डायरीतल्या सगळ्या तारखा-वेळा उतरवून, "माझ्या यंत्राचा क्रमांक अन्य व्यक्तीने वापरला" असं. नाव नाही. म्हणाले, "नाव कागदावर गेलं की ते फायलीत राहतं, पोरगं मोठं झालं तरी तिथेच राहतं." मला हे आजही पटत नाही. सोळा रात्रींचा जबाबदार कोण हे कागदावर नसणं म्हणजे ती जबाबदारी अण्णांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेणं होतं. माझी बायको म्हणते अण्णांचंच बरोबर. आमच्या घरात हा वाद निकालात निघालेला नाही.

कंपनीने तीन चकरा मारायला लावून मोडेम बदलून दिला, बिल मात्र माफ केलं नाही. ते बंटीच्या वडिलांनी दोन हप्त्यांत अण्णांना दिलं. सप्टेंबरच्या तीन तारखेला गणपती बसले. लाइटिंग बंटीनेच केलं, अण्णांनीच त्याला बोलावलं. काकू मात्र पुढे बरेच दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मुलीला त्यांनी फोनवर सांगितलं, "तू कापत नव्हतीस गं." एवढंच.

आता कुणी म्हणेल, मग डब्याला हातच लावायचा नाही का? तसं मी म्हणत नाही. विकत घेतलेला राउटर तुमचा आहे, त्याचं झाकण उघडा, आतलं सॉफ्टवेअर बदला. लिंक्सिसचा तो प्रसिद्ध निळा-काळा राउटर होता ना, त्यात लिनक्स वापरलेलं होतं, म्हणून २००३ मध्ये कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच ओपन-डब्ल्यूआरटी उभं राहिलं. कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलेले किती तरी जुने राउटर मी त्यावर आणखी पाच-पाच वर्षं चालवून दिलेत. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून गिऱ्हाइकाने स्वतःच्या पसंतीचं यंत्र लावायचा हक्क कायद्यानेच दिलाय. आपला डबा आपल्या घरापुरता बदलणं निराळं. केबल सगळ्या वाड्याची असते. बंटीने फाइल बदलून स्पीड वाढवला तेव्हा तो आकाशातून आला नव्हता. शेजारच्या घरांच्या वाट्यातून आला होता, आणि त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की आज नेट स्लो आहे.

फायबर आल्यावर हे संपलं असं वाटत असेल तर तसं नाही. मागच्या महिन्यात कारेलीबागेतले एक गृहस्थ फायबरचा जुना डबा कुठून तरी स्वस्तात घेऊन आले. कंपनीचा डबा त्यांना आवडत नव्हता. "याच्यात आमच्या डब्याचा सिरियल नंबर टाकून द्या, आमचाच तर आहे." नंबर त्यांचाच, चोरी नव्हती. पण त्यांना एक सांगितलं. गल्लीतल्या एका स्प्लिटरवर बत्तीस, कुठे चौसष्ट घरं असतात. वर जाणारा प्रकाश एकाच काचेच्या तंतूतून जातो, म्हणून प्रत्येक डब्याला आपली पाळी आली की तेवढ्या क्षणापुरतंच बोलायची परवानगी असते. भलत्या सॉफ्टवेअरचा डबा पाळी सोडून बोलायला लागला तर सगळ्यांचंच नेट बसतं. मग लाइनमन एकेक घर तोडत दोषी डबा शोधतो, आणि तोपर्यंत कुणाची ऑनलाइन परीक्षा, कुणाचं ऑफिस.

ते म्हणाले, मग करू काय? मी म्हटलं, कंपनीचा डबा राहू द्या, त्यांना फोन करून तो ब्रिज मोडवर टाकायला सांगा, आणि त्याच्यामागे तुमच्या मनासारखा राउटर लावा. मग त्या राउटरमध्ये काय हवं ते घाला. कंपनीने चार दिवसांत करून दिलं. राउटर त्यांनी माझ्याकडून घेतला नाही, ऑनलाइन मागवला. सेटिंग करून घ्यायला मात्र माझ्याकडेच आले.