कोणत्या बोटाला मुंग्या येतात?

पुण्यातल्या पेठांत डीटीपी करणाऱ्यांना मनगटाचं दुखणं नवं नाही. गणपती उठले की दिवाळी अंकांचे फर्मे एकामागून एक येऊन पडतात, आणि पितृपक्षात आमच्याकडे सुट्टीचं नाव कुणी काढत नाही. त्या दिवसांत प्रत्येकीच्या खणात मलमाची ट्यूब असतेच. त्यामुळे माझं उजवं मनगट ठणकायला लागलं तेव्हा त्यात कुणालाच काही विशेष वाटलं नाही.

अंक छापून बाजारात गेले, दुखणं मात्र गेलं नाही. रात्री हात बधिर होऊन जाग यायची. उठून बसून हात झटकला की बरं वाटायचं. दिवसा वेगळीच तऱ्हा. अंगठ्याच्या मुळाशी कळ, मनगटात ठणका, आणि सांडशीत धरलेलं चहाचं पातेलं हातात स्थिर राहीना. हाडांच्या डॉक्टरांनी मनगट दुमडायला लावलं, त्यावर टिचक्या मारून पाहिल्या आणि शिरांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करून घेतली. निदान झालं : कार्पल टनेल. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद वाट असते. तिच्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक शीर जाते. सूज आली की त्या दाटीत शीर चेपते. माझी शीर थोडीशी दबली होती. साखर, थायरॉइड आणि बी-१२ तिन्ही तपासून झाले, कारण त्यांच्या बिघाडानेही हात बधिर होतात. ते सगळं ठीक निघालं. रात्री बांधायला स्प्लिंट मिळाला.

स्प्लिंटने झोप परत आली. दिवसाचं दुखणं तसूभरही हललं नाही. निदान चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं एका फिजिओथेरपिस्ट मुलीने शोधलं.

तिने मनगटाला हातच लावला नाही. आधी विचारलं, "ताई, मुंग्या नेमक्या कोणत्या बोटाला येतात?" "सगळ्याच हाताला" हे उत्तर तिला चालेना. तिने कागदावर हाताची आकृती काढून दिली आणि मला रंगवायला सांगितलं. आम्ही इन्स्क्रिप्ट कीबोर्डवाले, स्वर, मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. त्यातही च, ट, ज, ड आणि एंटर एकट्या करंगळीच्या गळ्यात. म्हणजे दमायचं तर करंगळीने दमावं. पण रंगवताना लक्षात आलं की माझी करंगळी ठणठणीत आहे. मुंग्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला, आणि तिथून वर थेट कोपरापर्यंत, हाताच्या बाहेरच्या कडेने.

"मनगटाची शीर सहसा एवढ्या वर मुंग्या आणत नाही," ती म्हणाली आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. मान मागे न्यायला सांगितली, उजवीकडे कलती केली आणि डोक्यावर हलकासा दाब दिला. अंगठ्यापर्यंत करंट गेला! मग तिने उजवा हात डोक्यावर ठेवायला लावला. मिनिटभरात कळ ओसरली. मनगटाला काहीही न करता मनगटाचं दुखणं थांबलं, हे मला फार नवलाचं वाटलं.

मानेत मणके सात, पण शिरांच्या जोड्या आठ. त्यातल्या पाचवीपासून खालच्या चार आणि छातीची पहिली अशा पाच मिळून गळ्याच्या बाजूला एक जाळं विणतात. ते मानेच्या स्नायूंमधून, गळपट्टीच्या हाडाखालून, काखेतून हातात उतरतं. सहावी शीर अंगठ्याकडे आणि पहिल्या बोटाकडे, सातवी मधल्या बोटाकडे, आठवी करंगळीच्या बाजूला. करंगळी बधिर होत असेल तर कार्पल टनेलला दोष देता येत नाही, कारण तिची शीर त्या वाटेने जातच नाही. ती कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात ती हीच. एमआरआयमध्ये माझ्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी उजवीकडे फुगलेली दिसली. म्हणजे सहावी शीर मानेतच चेपत होती.

मग दोन आजार का? १९७३ साली 'लॅन्सेट'मध्ये अप्टन आणि मॅकोमास यांनी कल्पना मांडली की शीर वर एकदा दबली की खाली ती थोड्या दाबानेही कुरकुरते. हाताची शीर दबलेल्या त्यांच्या ११५ रुग्णांपैकी ८१ जणांत मानेकडेही बिघाडाची लक्षणं होती. हे सगळ्या तज्ज्ञांना मान्य नाही, वाद अजून चालू आहे. पण दोन ठिकाणं तपासायला हवीत, एवढं तरी त्यातून घ्यावं.

कोपर ते मनगट या भागाकडेही त्या मुलीने दुर्लक्ष केलं नाही. बोटं हलवणारे बरेचसे मांसल स्नायू बोटांत नसतात, कोपराखाली असतात. बोटं नाचतात ती कळसूत्री बाहुलीसारखी, दोऱ्यांवर. तिथे एका ठिकाणी तिने अंगठा रोवला आणि मला थेट मनगटात दुखलं.

मला खरा धक्का बसला तो तिने मला माझ्या टेबलाशी बसवून काढलेला फोटो पाहून. माझा चष्मा बायफोकल. स्क्रीन खालच्या भिंगातून वाचायचा, म्हणजे हनुवटी वर, मान मागे. प्रूफं उजव्या हाताला आडवी ठेवलेली. त्यात लेखक फोनवर दुरुस्त्या सांगणार, कितीतरी वेळ, म्हणून मोबाइल उजव्या कानाशी खांद्याने दाबलेला. चाचणीसाठी तिने माझी मान क्षणभर जशी धरली होती, तशी मी ती दिवसभर धरून बसत होते.

आता कॉम्प्युटरसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा आहे. प्रूफं स्क्रीनच्या खाली, मधोमध, तिरक्या स्टँडवर. फोनला इयरफोन. हनुवटी आत घेण्याचा आणि पाठीच्या वरच्या स्नायूंचा व्यायाम रोज. ऑपरेशन लागलं नाही. मानेच्या अशा बहुतेक दुखण्यांना काही आठवडे ते महिने धीर धरला तर ते लागतही नाही. स्प्लिंट अजून बांधते. पुढच्या हंगामात मनगट कुरकुरलं, पण पातेलं हातात राहिलं.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. माझ्या दिरांनी मलाही तोच सल्ला दिला होता. गादी फुगलेल्या मानेला झटका म्हणजे विकतचं दुखणं. तो सल्ला कुणी ऐकू नये.

हात दुखत असेल तर दवाखान्यात जाण्याआधी दोन-तीन दिवस पाहून ठेवा : मुंग्या कोणत्या बोटाला, रात्री जास्त की दिवसा, मान कुठे वळवली की वाढतात. डॉक्टरांनी नुसतं मनगट पाहिलं तर "मानही पाहता का?" असं बिनदिक्कत विचारा. आणि हातातल्या वस्तू गळू लागल्या, बटणं लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम आणि मलमात वेळ न घालवता त्याच दिवशी मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांकडे जा.