अंगावर आणि अंगात

मराठी बोलपटाने एकदा तरी आम्हास खरोखर भिववावे, अशी आमची जुनी इच्छा आहे. 'झपाटलेला 2' हे नाव ऐकून ती पुन्हा जागी झाली. महेश कोठारे यांचा 1993 सालचा मूळ 'झपाटलेला' हा थट्टेचाच मामला. त्याची कल्पनाही 1988 सालच्या एका अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली. तरी मरता मरता बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू, आणि बाहुला जिवंत आहे असे जीव तोडून सांगणारा लक्ष्या, यांत भयाचा एक कण होता. खरे सांगावे आणि कोणी विश्वास ठेवू नये, याहून मोठे भय ते कोणते? लक्ष्मीकांत बेर्डे यांनी ते हसवता हसवता दाखविले.

2013 सालच्या दुसऱ्या भागात बेर्डे नव्हते. ते 2004 सालीच गेले. त्यांच्या जागी त्रिमिती आली. चष्मा लावावा आणि पडद्यावरील वस्तू प्रेक्षकांच्या अंगावर याव्यात, अशी ती योजना. आम्ही तो शहागडास आप्तांच्या घरी दूरदर्शन संचावर पाहिला. तेथे चष्मा कोठला? वस्तू तेवढ्या उगाच पुढे सरकताना दिसल्या. मुले हसली, आम्ही जांभया दिल्या. घरच्या वृद्ध आत्याबाईंनी मात्र विचारले, "त्या बाहुल्याला पाहिजे तरी काय?" देह पाहिजे, असे मुलांनी सांगितले. "आन् दुसरं काहीच नाही?" असे म्हणून त्या झोपावयास गेल्या.

शहागड हे अंबड तालुक्यातील गोदातीरीचे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. या खोऱ्यात 'अंगात येणे' म्हणजे काय हे कोणास समजावून द्यावे लागत नाही, आणि अंगात आलेल्यास आत्याबाईंचाच प्रश्न विचारतात : तू कोण, तुला काय पाहिजे? आमच्या तरुणपणी शेजारच्या एका सुनेच्या अंगात येत असे. एरवी सासऱ्यासमोर तोंड न उघडणारी ती बाई केस मोकळे सोडून घुमू लागली, की सासरा हात जोडून उभा राही. तिने लुगडे मागितले नाही, नारळ मागितला नाही. "हिला माहेरी धाडा," एवढेच ती म्हणे. मला नव्हे, हिला! त्या एका शब्दाने आमच्या अंगावर जो काटा आला, तो आजही आठवतो. 'झपाटलेला 2' मध्ये सारे अंगावर येते. अंगात काही येत नाही, कारण झपाटलेल्यास सांगण्यासारखे काही उरलेलेच नाही.

हा चित्रपट 2013 च्या जूनमध्ये आला. 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच बाब भूत उतरविण्याच्या मिषाने माणसास बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे ही आहे. आमच्या शेजारणीच्या वेळी असा कायदा नव्हता. तिच्या अंगातले दैवत नसून भूत आहे असे घरात ठरले, मांत्रिक आला, मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. भिंतीपलीकडे आम्हासही ठसका लागला. त्यानंतर तिच्या अंगात येणे थांबले, आणि बोलणेही. सासऱ्याने गावजेवण घातले.