शून्य की नऊ

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिलीच फाईल पत्त्याला अडली. गाव : धामणगाव, जिल्हा : अमरावती. एवढंच. आता हे आमचं धामणगाव रेल्वे, की अचलपूरकडचं धामणगाव गढी? शिवाय बुलडाण्यात धामणगाव बढे आहे, दारव्ह्याकडे मुंगसाजी महाराजांचं धामणगाव देव. नुसतं धामणगाव म्हणजे कुठलंच गाव नव्हे.

पुढचा रकाना तारेचा. पेसमेकरची तार, म्हणजे लीड, शिरेतून हृदयात नेऊन नेमकी कुठे बसवली? डॉक्टरांच्या टिपणात फक्त 'उजव्या खालच्या कप्प्यात लीड, स्थिती उत्तम'. अहो, पण कप्प्याच्या तळटोकाला, मधल्या पडद्यावर, की वर फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी? तिन्हींचे कोड वेगळे. त्यातही गंमत अशी, की क्ष-किरणात समोरून पाहिलं तर टोक पडद्यावर टेकल्यासारखं दिसतं आणि डाव्या तिरक्या कोनातून पाहिलं की ते पुढच्या भिंतीत निघतं. म्हणून कोणत्या कोनातून खात्री केली, तेही विचारायचं असतं. टिपणात ते नसतं. 'स्थिती उत्तम' हे सगळ्यांच्या टिपणात असतं.

जागेला एवढं महत्त्व का, हे मलाही पहिले सहा महिने कळलं नव्हतं. तळटोकाकडून वर्षानुवर्षं ठोके दिले, तर काहींच्या हृदयाची पंपाची ताकद कमी होते. म्हणून हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगवरच टोक बसवायचा खटाटोप सुरू झाला. माणसांत कायमस्वरूपी तसं करून दाखवणारा पहिला अहवाल २००० सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातून, प्रमोद देशमुख यांचा. देशमुखांशिवाय गाव नसतं असं मानणाऱ्या वऱ्हाडात बसून ते आडनाव वाचलं आणि खुर्चीत सरळ झाले.

आजची तारीखही योगायोगाची. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. एल्मक्विस्ट यांनी बनवला, सेनिंग यांनी छाती उघडून बसवला. तो काही तासांतच बंद पडला. आमच्या नोंदणीत हे 'त्याच दिवशी निकामी' म्हणून गेलं असतं आणि फाईल मिटली असती. लार्सन पुढे २६ पेसमेकर वापरून २००१ पर्यंत जगले. ८६ वर्षांचे होऊन गेले, तेही एल्मक्विस्ट, सेनिंग दोघांच्याही नंतर.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर तारेच्या मोजमापाचे आकडे. ०.६ व्होल्ट, ११ मिलिव्होल्ट, ७२० ओहम. हे रकाने कधी रिकामे नसतात, कारण ते मशीनच देतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

भाऊबीज झाली, म्हणून पेसमेकर बसवल्यानंतरच्या तीस दिवसांच्या चौकशीचे फोन लावायला बसले. दुपारी कुणी उचलत नाही. कापूस वेचणीला गेलेले. संध्याकाळी एक मावशी सापडल्या. टाके चांगले, ताप नाही, चक्कर नाही.

"बाकी काही त्रास, मावशी?"

"तरास नाही व माय. आठ दिवसापासून उचकी लागून राह्यली फक्त. पोरगं पुन्याले हाये, तेच आठवन काढत असंन."

मी फोन स्पीकरवरून काढून कानाला लावला. थांबून थांबून येते की एका तालात? तालात. झोपेतही? झोपेतही. तारेचं टोक सरकलं, की धक्का कधी कधी हृदयाऐवजी श्वासाच्या पडद्याला बसतो. तो पडदा ठोक्यागणिक उडतो आणि माणसाला उचकी वाटते. पोरगा आठवण काढत असेल-नसेल, मावशींना उद्याच दवाखान्यात जायला सांगितलं. हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हणून सांगितलं होतं ना, हेही विचारलं.

"सांगतलं होतं ना. पण गठोडं डोक्शावर कोन देईन उचलून?"

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मावशींची तार सरकलेलीच होती. काल पुन्हा बसवली. कोड केला : लीड विस्थापन, तक्रार साधारण बाविसाव्या दिवशी, पुन्हा शस्त्रक्रिया. कारणाच्या यादीत चार पर्याय : रुग्णाने यंत्र त्वचेखालच्या खिशात फिरवणे, बसवण्यातील अडचण, अन्य, अज्ञात. 'अन्य' निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं, कापसाचं गठोडं. यादी करणाऱ्याने कधी कापूस वेचलेला नसावा.

३ नोव्हेंबर, सोमवार

सरांशी वाजलं. चाळीस जणांपैकी चौदा फोनवर सापडलेच नाहीत. गुंतागुंतीच्या रकान्यात शून्य म्हणजे 'काही झालं नाही', नऊ म्हणजे 'नोंद नाही'. मी चौदांना नऊ टाकला.

"मॅडम, त्रास असता तर पेशंट आला असता. शून्य टाका, अहवाल किती वाईट दिसतो बघा."

मावशीही आल्या नव्हत्या सर, म्हटलं. उचकीला कोण दवाखान्यात येतं?

डेन्मार्कमध्ये १९८२ पासून पेसमेकरची नोंदवही आहे. तिथल्या ५,९१८ रुग्णांच्या फायली मुळापासून तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांत ९.५ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झालेली निघाली. ते डॉक्टर अनाडी होते म्हणून नव्हे. शोधणाऱ्यांनी शोधलं म्हणून. शून्य टक्के गुंतागुंतीचा दवाखाना मला दाखवला, तर मी आधी त्याचं फोनबिल मागेन. आणि डेन्मार्कपर्यंत तरी का जा? आपल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी चालू आहे. पेशंट दवाखान्यात येईल याची वाट न बघता तिथले कार्यकर्ते गावोगाव गेले.

सर म्हणाले, बघू. नऊ तसेच आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एका काकाजींचा उलटा फोन. फवारणीच्या पंपाचा पट्टा नेमका यंत्रावर येतो, काय करू? उजव्या खांद्यावर घ्या, नाहीतर फवारणी दुसऱ्याला सांगा. आणि डुकरांसाठी बांधावर लावलेल्या झटका मशीनचं? त्या तारेपासून लांबच राहा, बाकी डॉक्टरांना विचारा. दोन्ही प्रश्नांना रकाना नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चौदांतला एक नंबर आज लागला. पुतण्याने उचलला.

"काकाजी त गेले ना, मॅडम. ऐन नवरात्रात. रात्री झोपले ते उठलेच नाही."

कुठल्या दवाखान्यात नेलं होतं का? नाही. डॉक्टरने बघितलं? नाही. मग जरा थांबून त्यानेच विचारलं, "सरणावर मोठा आवाज झाला होता, फटाका फुटल्यावानी. ते मशीनच होती काय?"

होती. आगीत तिची बॅटरी फुटते, म्हणून आधी काढून घ्यायची असते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाताना द्यायच्या कागदावर ती ओळच नाही.

तार सरकली होती, की हृदयच थकलं होतं, आता कळायला मार्ग नाही. संध्याकाळी सरांना फोन करून सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नऊ राहू द्या."

नोंद केली : मृत्यू, एकोणिसावा दिवस. कारण : ९. उरलेले तेरा नंबर उद्या सकाळी सातच्या आत लावायचे, लोक शेतात निघायच्या आधी.