एका दाराचे तीन हक्कदार

गेल्या वर्षी धान निसवण्याच्या सुमारास अड्याळला एका कुटुंबाच्या भेटीस गेलो असता, आम्हांस अनपेक्षितपणे तारांचे न्यायाधीश व्हावे लागले. बैठकीत २००९ साली घेतलेला सपाट टीव्ही होता. ‘एचडी रेडी’, म्हणजे ७६८ ओळींचा. चित्र आजही सुरेख. परंतु पाठीमागे एचडीएमआयचे भोक एकच, आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे: सूनबाईंचा फ्री डिशचा बॉक्स, नातवाची इंटरनेटवरून चित्रपट दाखविणारी कांडी आणि आजींचा डीव्हीडी प्लेअर. रोज एक तार उपसायची, दुसरी खुपसायची. भोक सैल झाले होते. आजींची पाळी येईतो झोपायची वेळ होई.

आजींची तबकडी एकच, २००८ सालच्या लेकीच्या लग्नाची. तीत आजोबा दोन मिनिटे बोलले आहेत. आजोबांना जाऊन चार वर्षे झाली. त्यांचा आवाज आता अन्यत्र कोठेही नाही. हे त्या घरात कुणी बोलून दाखवीत नव्हते, भांडण मात्र तारेवरून चाले.

सेमिनरीत व्हीसीआर जोडण्याचे काम आमच्याकडे असे, एवढीच आमची पात्रता. नातू म्हणाला, तीन तोंडांची स्विचची डबी मागवू. उपाय वाईट नव्हे. पण खरोखर एचडीएमआय कुणाला हवे, हे आधी पाहावे असे आम्हांस वाटले. कांडीला दुसरी वाटच नाही. डीव्हीडीचे चित्र मुळातच ५७६ ओळींचे. हिरव्या-निळ्या-लाल कंपोनंट तारांतून ते जवळजवळ तितकेच चांगले येते. त्या घरचा बॉक्सही साध्या चित्राचाच. त्याला पिवळी-लाल-पांढरी तार पुरे. कांडीची वीज आम्ही टीव्हीच्या यूएसबीतून काढून वेगळ्या चार्जरवर घेतली. जुन्या टीव्हीच्या त्या भोकातून अर्ध्या अँपिअरहून अधिक वीज सहसा मिळत नाही, म्हणूनच ती मधूनमधून बंद पडे.

कंपोनंटची तार घरात नव्हती. घाईघाईत आम्ही डीव्हीडीची पिवळी तार हिरव्या भोकात घातली. चित्र आले, पण कृष्णधवल! हिरवे भोक केवळ उजेड-अंधार घेते, रंग इतर दोहोंतून येतात. आम्ही ओशाळून तार काढू लागलो.

“राहू द्या, फादर,” आजी म्हणाल्या. “रंगाचं काय करू? आवाज येऊन राहिला ना!”

आजोबा बोलत होते. सूनबाई स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभ्या राहिल्या. नातवाने मोबाइल खाली ठेवला.

पुढे भंडाऱ्याहून पाच तोंडांची तार आणविली आणि रंग आले. तबकडीची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवण्यासही आम्ही बजावले, कारण ओरखड्यांपुढे कुणाचे चालत नाही. तारांना आम्ही नावांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या होत्या. नाताळात गेलो तेव्हा त्या गळून पडलेल्या. सूनबाईंनी त्या जागी नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. आजींचा ठिपका सर्वांत मोठा होता.