किल्ल्यात माणसं कुठे राहतात?

लखनौत नोकरीसाठी आलो, रमलो, लेक इथेच जन्मली. ती मराठी राहणार नाही, या भीतीने मी घरातल्या साध्यासुध्या आनंदांवरही पहारा बसवला होता. रविवारी सकाळी पोहेच हवेत. चौकातली खस्ता कचोरी घरात आणायची नाही. दिवाळीत अंगणात किल्ला, तोही माझ्याच आराखड्याने. लेकीने माती कालवायची, बुरूज मी रचायचे.

शेजारच्या मुली त्याच दिवसांत घरौंदा करत. मातीचं नाहीतर पुठ्ठ्याचं रंगवलेलं घर, आत पणती, बोळक्यांत खील-बताशे, साखरेचे हत्ती-घोडे. मला ती निव्वळ भातुकली वाटे. किल्ला म्हणजे इतिहास!

एका दिवाळीत संध्याकाळी घरी आलो, तर तटाच्या आत गुलाबी पुठ्ठ्याचं घर. दारात साखरेचा हत्ती, चुलीवर बोळकं. "काढ ते. किल्ल्यात घरौंदा नसतो," मी म्हणालो.

"मग बाबा, किल्ल्यात माणसं राहतात कुठे? जेवतात कुठे?"

ती हट्ट करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. घर उचलायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. रायगड मी पाहिलेला आहे. बाजारपेठेची समोरासमोरची जोती, राणीवसा, धान्याची कोठारं. कडा उतरून गेलेली हिरकणीसुद्धा घरातल्या तान्ह्यासाठीच उतरली होती. आणि लेकीला मी दाखवल्या त्या फक्त तोफा. लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्या आणि बत्तासे आमच्या देवघरात होते. तेच खील-बताशे म्हणून तिच्या बोळक्यात होते. हे इतक्या वर्षांत मला दिसलं नव्हतं. मराठीपण जपतो म्हणत मी लेकीचा खेळ हिसकावत होतो.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून तटाच्या आत पेठ वसवली. पुढे 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले, त्यातली जिंजी तमिळनाडूत आहे. राजाराम महाराज महाराष्ट्रापासून इतक्या दूर तिथे वर्षानुवर्षं राहिले, हे ऐकून लेकीने दिवाळीला जिंजीच करायला घेतली. तीन टेकड्या, आणि प्रत्येकीवर घर. पाडव्याला ओवाळणी आटोपली की आम्ही इथल्या जमघटाचे पतंग उडवायला गच्चीवर जातो. सकाळी कचोरी असते.

भीती साफ गेली असं म्हणणार नाही. लेक रागावली की हिंदीत भांडते, तेव्हा पोटात कालवतं. पण मध्येच थांबवून तिला मराठीत बोलायला लावत नाही. भांडण पुरतं ऐकून घेतो.