एका पुड्यात पानं किती?

सेकंड इयर संपता संपता आमच्या कॉलेजात दोन साथी येतात. एक उन्हाची, दुसरी जीडीची. उन्हाचं चंद्रपूरकरांना सांगायला नको. जीडी म्हणजे ग्रुप डिस्कशन. आठ जणांनी गोल बसायचं, एकमेकांचं बोलणं तोडायचं आणि वर 'आय ॲग्री विथ माय फ्रेंड' म्हणायचं. यात जो जास्त बोलेल त्याला नोकरी लागते, असा समज आहे.

एप्रिलमध्ये सरांनी बोर्डावर विषय लिहिला, 'युरोपातील आर्थिक-सामाजिक बदल आणि तिथला रोजगार'. मी तयारच होते. (सरांचे विषय दरवर्षी तेच असतात, लिस्ट सीनियर्सकडे मिळते. सर हे वाचणार आहेत, पण असू दे.) मी धडाधड सुरू केलं. ब्रिटनमध्ये १९८४-८५ साली खाण कामगारांचा वर्षभर संप चालला, तो मोडला, खाणी बंद झाल्या आणि गावंच्या गावं बेकार झाली. जर्मनीने मात्र २००७ सालीच ठरवलं की २०१८ पर्यंत दगडी कोळशाच्या खाणी बंद करायच्या. अकरा वर्षं हळूहळू माणसं कमी केली, म्हाताऱ्यांना लवकर पेन्शन दिली, तरुणांना दुसरं काम शिकवलं. डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रॉप गावची शेवटची खाण बंद झाली. इंग्लंडचं शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला थांबलं. सर म्हणाले, "व्हेरी गुड."

बाहेर आल्यावर गडचिरोलीचा एक मित्र म्हणाला, "तू तर बे जर्मनीच्या साऱ्या खाणी बंद करून टाकल्या. घुग्घुसच्या कधी करतेस?" सगळे हसले, मीही हसले. मग तो म्हणाला, "बरं, हे सांग, आमच्याकडे मे महिन्यात लोकं काय काम करतात?"

मला उत्तर आलं नाही. माझ्या आईचं माहेर कुरखेडा तालुक्यातलं. म्हणजे प्रश्न माझ्याच आजीचा होता.

आता थोडं घराबद्दल. आम्ही चंद्रपूरचे, कोळशावर जगणारे. आजोबा तरुणपणी खाणीत ठेकेदाराच्या टोळीत कोळसा भरायचे. आज काम आहे, उद्याचं ठेकेदार जाणे. १ मे १९७३ ला देशातल्या खाणी सरकारच्या झाल्या. आजोबांसाठी ती तारीख १५ ऑगस्टपेक्षा मोठी. हजेरीच्या पुस्तकात नाव चढलं, क्वार्टर मिळालं, पीएफ कापायला लागला. "पयल्यांदा सुट्टी घेतली तवा विश्वासच बसेना का पगार भेटते म्हनून," असं ते अजून सांगतात. त्या पगारावर तीन बहिणींची लग्नं झाली, बाबांचं आयटीआय झालं आणि पुढे मला कॉन्व्हेंटमध्ये घालायची हिंमत झाली.

बाबा फिटर आहेत. एका मोठ्या कारखान्यात कन्व्हेअर बेल्टवर काम करतात, पण कारखान्याचे म्हणून नाही, ठेकेदाराचे म्हणून. १९ वर्षांत पाच ठेकेदार बदलले. बेल्ट तोच, पाना तोच, फक्त गेटपासचा रंग बदलतो. नवा ठेकेदार आला की बाबांची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. १९ वर्षांचा अनुभव असलेला माणूस दर तीन-चार वर्षांनी फ्रेशर होतो! गेल्या मार्चमध्ये जुना ठेका संपला आणि नवा सुरू व्हायला महिना लागला. तो महिना बाबा घरी बसून होते. माझी परीक्षा फी भरायची होती. बाबांनी कोणाकडून तरी आणून दिली. कोणाकडून, ते मी विचारलं नाही.

म्हणजे आजोबा ठेकेदाराकडून सरकारकडे गेले आणि बाबा परत ठेकेदाराकडे आले. मधल्या काळात यंत्रं आली, ओपनकास्ट आली, १०० माणसांचं काम एक डंपर करायला लागला, हे सगळं मला कळतं. मेकॅनिकलला आहे मी. पण यंत्र आल्यामुळे माणसं कमी का लागतात, एवढंच पुस्तकात आहे. जी माणसं लागतातच, त्यांना कायम का करत नाहीत, याचा चॅप्टर आमच्या सिलॅबसमध्ये नाही.

परीक्षा संपल्यावर मी मामाकडे गेले. मे २०२५. लहानपणी जायचे, पण दहावीनंतर क्लासेस, मग सीईटी, मग हे. आजी बघून म्हणाली, "आली का वो माय. वाळून गेलीस." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मला उठवलं.

तेंदूपत्ता म्हणजे विडीचं वरचं पान. झाडाला फुटणारी कोवळी पालवी याच दिवसांत तोडावी लागते, फार तर तीन-चार आठवडे. उजाडायच्या आत जंगलात शिरायचं, दहा-अकराला गाठोडं डोक्यावर घेऊन घरी यायचं. मग सगळं घर ओसरीत बसतं. पान पानावर ठेवायचं, देठ एकीकडे, सालीच्या दोरीने बांधायचं. ७० पानांचा एक पुडा. असे १००० पुडे झाले की एक स्टँडर्ड बॅग. संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, तिथे पुडे रांगेत उन्हात वाळत घालतात, मुन्शी मोजून वहीत लिहितो. पुढे वाळले की बोदभराई.

मी जंगलात दोनच दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मामीने नेलं नाही. त्याच आठवड्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या होत्या. गावात सगळ्यांना ती बातमी माहीत होती. तरी दुसऱ्या पहाटे सगळ्या बायका गेल्याच, फक्त जरा मोठ्याने बोलत गेल्या. मामी म्हणाली, "तुमच्या कंपनीत सेफ्टी हेल्मेट असते नं, तसा आमचा आवाज."

मग मला घरी पुडे बांधायचं काम मिळालं. आणि इथे माझी फजिती झाली. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी बोललं तर दंड असायचा, मराठीचा तास सोडून. मला मराठी आकडे चाळीसपर्यंत नीट येतात, पुढे सगळं धुकं. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, हे मला आजही क्षणभर थांबून आठवावं लागतं. आजी म्हणाली, "मोजनं येते का तुले?" मी म्हटलं, येतं की. मनात सिक्स्टी सेव्हन, सिक्स्टी एट मोजत होते. शेजारी मामी मोठ्याने 'सदुसष्ट, अडुसष्ट' म्हणत होती. तिचा आकडा माझ्या कानात शिरला की माझा सुटायचा. पहिल्या दिवशीच्या माझ्या पुड्यांतले अकरा पुडे कमी पानांचे निघाले. इंजिनिअरिंग मॅथ्सचे तीन पेपर पास झालेली मुलगी ७० पर्यंत मोजू शकत नव्हती.

हसण्यावारी नेता आलं नाही, कारण पुडा कमी भरला तर फळीवर तो बाजूला पडतो. आजीने त्या रात्री चिमणीच्या उजेडात (लाइट गेलेली होती) ते अकराही पुडे सोडले, पुन्हा मोजले, पुन्हा बांधले. मला काही बोलली नाही. मी हिशेब केला, घरातली तीन माणसं दिवसाला २०० पुडे बांधतात, म्हणजे १४,००० पानं. हाताने, एकेक.

मामेभाऊ मात्र एकीकडे मोजता मोजता मोबाईलवर जर्मन शिकत होता. तो आयटीआय इलेक्ट्रिशियन. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, तिकडे १०,००० कुशल माणसं पाठवायची म्हणून. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. कारण तिकडे म्हातारे वाढले, तरुण कमी पडले. माझ्या जीडीतला पॉइंट! मी तो 'एजिंग पॉप्युलेशन' म्हणून पाठ केला होता आणि तो पॉइंट इथे ओसरीत तेंदूची पानं लावत बसला होता. भाऊ म्हणाला, "ताई, जर्मन आकडे एकदम सोपे. आपल्यासारखेच. आधी एकं, मग दहं." आणि खरंच! ६१ ला ते 'आइन-उंड-झेखत्सिश' म्हणतात, म्हणजे एक आणि साठ. एकसष्ट. इंग्रजी उलटं, आधी साठ. म्हणजे माझ्या शाळेने मला एवढा दंड लावून जे शिकवलं, त्यापेक्षा जिल्हा परिषद शाळेतला हा मुलगा जर्मनीच्या जवळ होता. (तो जाईल की नाही, माहीत नाही. आजीला त्याने अजून सांगितलेलं नाही.)

मामाच्या गावात आता पान ग्रामसभा विकते. आधी वन खातं लिलाव करायचं आणि गावकरी फक्त मजूर असायचे. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याआधीचा १९९६ चा पेसा कायदा, या दोन्हींमुळे हे बदललं. पण कायदा झाला म्हणून आपोआप बदललं नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांना माहीत असतं, मला नव्हतं. तिथल्या लोकांनी देवाजी तोफांच्या पुढाकाराने कित्येक वर्षं बैठका घेतल्या, अभ्यास केला. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजलेला, वास्तविक ते गवत. वाहतूक परवाना खात्याच्या हातात. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तोच बांबू, तोच कोयता, तेच लोक. आधी तो कागद कारखान्यासाठी तोडायचे ते मजूर, आता स्वतःचा विकणारे.

मला हे इथे ठळक करून सांगायचंय, कारण आपण इंजिनिअर लोक कामातला बदल म्हटलं की लगेच मशीन शोधतो. इथे मशीन काहीच बदललं नाही. वही कोणाची आणि सही कोणाची, एवढंच बदललं. बाबांच्या बेल्टवर नेमकं तेच उलट झालं.

ग्रामसभेच्या फळीवर मुन्शी गावातलाच मुलगा होता. त्याच्या वहीत आजीचं नाव, पुढे रोजचे पुडे. संध्याकाळी सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवायचा. आजीला वाचता येत नाही, पण आपला आकडा ऐकल्याशिवाय ती फळीवरून हलायची नाही. मामा सांगत होता, आधीच्या काळात शंभरामागे चार-पाच पुडे असेच 'सूट' म्हणून घ्यायचे, कोणी विचारायचं नाही. आता मजुरी वेगळी आणि विक्रीतला वाटा वेगळा मिळतो.

सगळं गोड आहे असं नाही. व्यापारी एका वर्षी चढा भाव देतो, पुढच्या वर्षी पाठ फिरवतो. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पानावर १८ टक्के कर बसला, तो पाच टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. शिवाय हे पान शेवटी जातं विडीत. माझ्या आजीच्या मेहनतीचा शेवट कोणाच्या तरी फुफ्फुसात होतो, हा विचार मला तिथे फार टोचला. मामीला म्हटलं तर ती म्हणाली, "अन् तुझ्या बाबाच्या कोळशाचा धूर कुठं जाते?" मी गप्प. चंद्रपूरच्या माणसाने धुराबद्दल कोणाला काय शिकवायचं. विडी ओढणारे कमी होतील, कोळसा जाळणंही कधीतरी कमी होईल. २९२० मेगावॅटचं आमचं केंद्र काही एका दिवसात बंद होणार नाही, पण बोट्रॉपही एका दिवसात झालं नव्हतं. तिथे अकरा वर्षं आधी तारीख सांगितली होती, हाच काय तो फरक. आमच्याकडे वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली, तेव्हा कामगारांचं पुढे काय झालं हे मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "कोन लिवून ठेवते?"

निघायच्या दिवशी आजीने पदराची गाठ सोडून मला हजार रुपये दिले. मी नको म्हटलं. मामी पटकन बोलून गेली, "घे वो, मार्चमधे तं फीचे पूर्णच दिले होते तिनं." आजीने तिच्याकडे असं पाहिलं की मामी उठून आत गेली.

बसमध्ये मी हिशेब करायला लागले. फी भागिले एका पुड्याची मजुरी, गुणिले ७०. आकडा आला, पण मराठीत कसा म्हणायचा ते सुचेना. आरमोरी येईपर्यंत तोच जुळवत बसले होते.

थर्ड इयरला पुन्हा जीडी आहे. सरांकडची लिस्ट तीच आहे. भाऊ रोज रात्री मला जर्मन आकडे पाठवतो, मी त्याला इंग्रजी ईमेल तपासून देते. बाबांचा गेटपास सध्या हिरवा आहे.