टिंब उमटेना

माझ्या पेनाला अनुस्वार जमत नाही. काना येतो, मात्रा येते, वेलांटीचा वळसा तर देखणा येतो. पण अक्षर पुरं करून डोक्यावर टिंब द्यायला निब टेकवली की कागद कोराच. 'रंग' लिहावं तर 'रग' उरते, 'वंश'चा 'वश' होतो, 'गंध' तर वाचताच येत नाही. पुन्हा टेकवावं, जरा दाबावं, की टिंब येतं तेही फुगीर, ओलं, शेजारच्या मात्रेत मिसळणारं. ओळीत दोनतीन शब्द असे अडतात आणि तेवढ्यात मनात जुळून आलेलं वाक्य निसटून जातं.

पेन साधंसुधं नाही. काळं कुळकुळीत अंग, टोपणाला सोनेरी कडी, निबवर ७५० हा आकडा कोरलेला. म्हणजे १८ कॅरेट, शंभर भागांत पंचाहत्तर भाग सोनं. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून ते मला दिलं. 'सर, आता तुमचं राहिलेलं लिखाण पुरं करा,' असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. त्यामुळे हे कपाटात ठेवून द्यावं आणि दुसरं वापरावं, हा विचार मला कधी पटला नाही. लिहितं व्हायला हवं होतं ते हेच पेन.

निबला सोनं कशाला, याचं उत्तर आज दिमाख असं वाटेल. ते आलं मात्र गरजेपोटी. जुन्या शाया लोहाच्या आणि आम्लधर्मी असत. पोलादी निब त्या खाऊन टाकत, सोन्याचं त्यांना काही करता येत नसे. पण सोनं पडलं मऊ. कागदावर घासून ते झिजणार, म्हणून टोकाला एका अतिकठीण मिश्रधातूचा बारीकसा मणी जोडायचा आणि त्या मण्यासकट निब मधोमध चिरायची. आजच्या स्टेनलेस स्टीलला साध्या शाईची भीती उरलेली नाही, तरी सोनं राहिलं. कागदाला लागतो तो मणी. सोनं कागदाला कधी शिवतसुद्धा नाही, आणि दुकानात काचेखाली ठेवलेल्या पेनाविषयी बोलताना विक्रेता त्या मण्याबद्दल एक अक्षर काढत नाही.

पेन अडलं की पहिला संशय शाईवर जातो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून, पिस्टन वरखाली करत, पाणी नितळ येईपर्यंत मी ते धुतलं. मग शाई बदलली. पेनासोबतच्या पुस्तिकेत कंपनीचीच शाई वापरा असं बजावलेलं. ती वापरली, टिंब नाही. मग घरातली कॅमलची निळी भरली. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून हा धंदा सुरू केला आणि पुढे या शाईनं महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांची बोटं निळी केली. तीच शाई त्याच कागदावर माझ्या जुन्या एबोनाइटच्या पेनातून न चुकता टिंबं देते. ते पेन राजमहेंद्रीच्या रत्नमचं. गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेला ओ देत १९३०च्या दशकात या घराण्यानं संपूर्ण देशी पेन घडवलं, आणि आजही ते आटे फिरवून कुणालाही खोलता येतं. निब ओढून काढा, तिच्याखालची शाई आणणारी जीभ ओढून काढा, धुवा, पुसा, परत दाबून बसवा. एबोनाइटची जीभ शाई धरूनही चांगली ठेवते. शाई आणि कागद दोन्ही निर्दोष ठरले ते या पेनामुळे.

म्हणजे दोष पेनातच होता. पण कुठे? निबखालच्या जिभेत बारीक खाचा असतात. त्यांतून केशाकर्षणानं शाई खाली येते आणि तिची रिकामी झालेली जागा घ्यायला तेवढीच हवा वर जाते. हवा अडली तर शाई थांबते, हवा मोकाट सुटली तर शाई भळभळते. अमेरिकेतल्या लुइस वॉटरमननं हा तोल साधणारी जीभ बनवून १८८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि फाउंटन पेन खिशात ठेवण्याजोगं झालं. माझ्या पेनाची जीभ ठीक होती. एकदा रेघ सुरू झाली की पानाच्या टोकापर्यंत शाई एकसारखी येत होती. अडत होती ती सुरुवात.

शेवटी घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि खिडकीशी बसून निब उलटी धरली. मण्याची दोन्ही अर्धकं नीट समोरासमोर होती, एकही वरखाली नव्हतं. फट सरळ होती. पण फटीच्या तोंडाशी दोन्ही आतल्या कडा गोल झालेल्या दिसल्या. कारखान्यात निब गुळगुळीत करताना पॉलिश जरा जास्त झालं की असं होतं. पेनवाले त्याला बेबीज बॉटम म्हणतात. त्या दोन कडांमध्ये एक सूक्ष्म पन्हळ तयार झाली होती. तिच्यात निळी शाई थांबलेली स्पष्ट दिसत होती, आणि कागदाला टेकणार होते ते दोन्ही बाजूंचे कोरडे फुगवटे. निब सरकली की शाई कशीबशी कागदाला शिवते, आणि एकदा शिवली की पुढची आपसूक ओढली जाते. म्हणून लांब रेघ सुरेख. अनुस्वार सरकत नाही. तो टेकतो आणि उठतो.

दुकानामार्फत पेन कंपनीकडे परदेशी गेलं. तिथून परत यायला एक ऋतू उलटला. मखमली अस्तराच्या डबीत पेन, त्याच्याबरोबर एक जाड कार्ड: तपासणीत दोष आढळला नाही. मला संताप आला. एवढी किंमत घेणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचं म्हणणं नीट वाचू नये याचा तो संताप होता, आणि तो मला अजूनही रास्त वाटतो. पण त्या कार्डावर तपासणाऱ्यानं पेन चालवून दाखवलं होतं. निळ्या शाईत इंग्रजी आठाची वेटोळी, एकात एक गुंतलेली, कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी ती भिंगातून पाहिली. पहिल्या वेटोळ्यापासून शेवटच्यापर्यंत त्या माणसानं पेन उचललंच नव्हतं.

तपासणारा खोटं बोलत नव्हता. त्याच्या हाताला हे पेन खरोखरच अडलं नसेल. त्याची लिपी जोडून धावते. एक शब्द संपेपर्यंत निब कागदावरच असते. टिंब त्यांच्याही आय या अक्षरावर आहे, पण घाईच्या हातात ते राहून गेलं तरी शब्दाचं काही अडत नाही. आता 'किंमत' लिहून पाहा. वेलांटी, क, टिंब, म, त, मग वरून शिरोरेघ. आपल्या प्रत्येक शब्दात पेन पुन्हा पुन्हा उठतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. ज्या पेनाचा दोष नेमका सुरुवातीत आहे, त्याची खरी परीक्षा देवनागरीच घेते. (मोडीनं ती एवढी कडक घेतली नसती. कारकून आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेत आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत जात. दफ्तराच्या वेगासाठीच ती लिपी राबली.)

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात पेनदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वडिलांच्या पश्चात तिथे आता त्यांची मुलगी बसते. तिनं पेन हातात घेऊन मागचा भाग हलकेच फिरवून पाहिला आणि मान हलवली.

"हे उघडणार नाही, सर. याचं हत्यार कंपनी बाहेर देत नाही. जबरदस्ती केली तर तडा जाईल."

"उघडायला नकोच, ताई. टोक बघा."

ती भिंग लावून बराच वेळ टोक बघत राहिली. मग म्हणाली, "थोडं घासावं लागेल. घासलेलं परत बसवता येत नाही, आणि वॉरंटीही जाईल. लावू हात?"

मी हो म्हटलं. वॉरंटीनं मला एक कार्ड दिलं होतं, त्यापलीकडे तिचा काही उपयोग उरला नव्हता.

आधी तिनं मी पेन कसं धरतो ते पाहिलं. किती तिरपं, किती वळवून. मग बोटाला गुळगुळीतच लागावी अशी पॉलिश पेपरची पट्टी काचेवर ठेवली, पाण्याचा थेंब टाकला आणि नेमक्या त्याच कोनात निब अगदी हलक्या हातानं फिरवली. दोनचार फेरे, की भिंग. पुन्हा दोनचार फेरे, पुन्हा भिंग. मध्येच कागद माझ्याकडे सरकवायची. "सही नको. नेहमीचं लिहा, टिंबं जास्त असलेलं."

मी 'पंढरपूर, पांडुरंग, चंद्रभागा' लिहिलं. पहिल्या ओळीत तिन्ही शब्द बोडकेच राहिले. पुढच्या खेपेला पंढरपुरावर टिंब आलं, पांडुरंगाचं पहिलं आलं, दुसरं नाही. ती अक्षरांकडे पाहतच नव्हती, तिची नजर ओळीच्या वर होती. फार न घासता, थांबत थांबत, तिनं फुगवटे इतकेच खाली आणले की पन्हळीतली शाई कागदापर्यंत पोचावी. मग एकदा 'पांडुरंग' दोन्ही टिंबांसकट आला, आणि तिनं मला तोच शब्द अर्धा कागद भरेपर्यंत लिहायला लावला.

आता रेघ पूर्वीपेक्षा किंचित जाड येते आणि कागदावर निबची बारीक सळसळ ऐकू येते. पूर्वीचा लोण्यासारखा गुळगुळीतपणा गेला. तो गेला याचं मला जराही दुःख नाही. त्या गुळगुळीतपणापायीच तर कडा झिजल्या होत्या. निब कागदाला लागलेली हाताला कळली पाहिजे, तेव्हाच टिंब कुठे द्यायचं ते हात ठरवू शकतो.

कंपनीला मी याच पेनानं पत्र लिहिलं आहे. पत्र इंग्रजीत, पण सोबत पंढरपूर, पांडुरंग, चंद्रभागा हे शब्द देवनागरीत, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, शेजारीशेजारी. माझी मागणी एवढीच आहे की तपासणीच्या कार्डावर वेटोळ्यांखाली नुसत्या टिंबांची एक ओळ काढावी, प्रत्येक टिंबाला पेन उचलून. ती आमच्या उपयोगाची आहे, हिंदी आणि नेपाळी लिहिणाऱ्यांच्याही. उर्दूवाल्यांच्या तर आमच्याहून जास्त, कारण त्यांच्याकडे खाली एक नुक्ता दिला तर ब, तीन दिले तर प आणि वर दोन दिले तर त होतो, आणि नुक्ता उमटला नाही तर अक्षर कुठलं तेच कळत नाही.